कपडे का नको म्हणतो

सोसायटीकरांनो, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर हा विषय मी टाळतो. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा विचारलंत, २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा विचारलंत, आणि परवा लिफ्टमध्ये पुन्हा. "काका, तुम्ही मदतीत कपडे का घेत नाही? लोक एवढ्या प्रेमाने पिशव्या भरून आणतात. आणि तुमचं सारखं संडास, संडास काय असतं?" चौथा मजला आला म्हणून मी सुटलो. इथे ठाण्यात, किसननगरात, माझ्यामागे मला 'संडासवाले काका' म्हणतात हेही कानावर आलंय. म्हणा. वागळे इस्टेटच्या आसपास तीस वर्षं प्लंबिंगची कामं घेतोय, पोरांची शिक्षणं त्यावरच झाली.

सोपं उत्तर आधी देतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर मी कच्छला गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना जुने कपडे पडलेले. शर्ट, परकर, कुणाचा तरी लग्नातला कोट, आणि त्यावरून गुरं चाललेली. लोकांना ते नको होते. नको म्हणायचा त्यांना हक्क आहे, हेच आपल्याला पचत नाही. घर पडलं म्हणजे आवडनिवडही पडली असं आपण धरून चालतो. शिवाय ते कपडे निवडायला, वाटायला माणसं गुंततात. तेवढ्या माणसांत पाण्याच्या चार टाक्या लागल्या असत्या.

एवढं सांगितलं की तुम्ही माना डोलावता आणि पुढच्या वेळी पुन्हा पिशव्या आणता. म्हणून खरं उत्तर देतो. ते कच्छचं नाही, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळचं आहे, आणि त्यात मी काही शहाणा दिसत नाही.

१९९३ ला मी वीस वर्षांचा होतो. आयटीआय करून नुकती उमेदवारी धरली होती. अनंत चतुर्दशीला मंडळाचा गणपती मासुंदा तलावात पोचवला, नाचून पाय दुखत होते, घरी येऊन मेल्यासारखा झोपलो. हे शब्द तेव्हा सहज म्हणायचो. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिकडे जमीन हलली. तिथली माणसंही विसर्जन करूनच झोपली होती. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाची माती. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आमच्या मंडळाने ट्रक भरला. ट्रक तोच, विसर्जनाचा. हौदा पाइपने धुतला होता, पण फळ्यांच्या फटींत गुलाल राहिला. वरची ताडपत्री पुढच्या अंगाला फाटकी. सोलापूर सोडलं आणि पाऊस लागला. नळदुर्ग, उमरगा, तिथून आत. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं आता नव्या वसाहतीत राहतात आणि त्यांना माझ्या या लिहिण्याचं काही देणंघेणं नाही.

फाळका उघडला तर अर्ध्या गठड्या गुलाबी. घरातली माणसं मातीखालून काढून दोन दिवस झालेल्या बाईपुढे आम्ही गुलालाने भरलेलं पातळ धरलं. तिने हात पुढे केला नाही. आमच्यातला एक जण मागे वळून म्हणाला, "नखरे बघा." मी काही बोललो नाही. मलाही तेच वाटलं होतं, हे आज लिहून टाकतो.

गावाबाहेर गायरानावर लोक ताडपत्र्यांखाली होते, सत्तर-ऐंशी कुटुंबं. मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "तू प्लंबर ना? मग संडासाचं बघ." आयटीआयत मला लोखंडी जीआय पाइपला आटे पाडायला शिकवलं होतं. चर कसा खणायचा, कुठे खणायचा, हे कुणी शिकवलं नव्हतं. पण सगळ्यांसमोर प्लंबर म्हटल्यावर छाती फुगली. जागा मी निवडली, गायरानाच्या वरच्या अंगाला, रस्त्यालगत. तिथे मुरूम होता. खाली काळी माती, पावसात फावड्याला गोळा होऊन बसायची. एक म्हातारे बाजूला उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "पावनं, पानी हिकडूनच खाली उतरतंय." मी म्हटलं, "आजोबा, आम्ही हेच शिकून आलोय." ते उठून गेले. वाद घालायची त्यांची ती वेळ नव्हती.

तीन फुटांवर दगड लागला. तिथेच थांबलो. आडव्या फळ्या टाकल्या, मंडपाचे बांबू रोवले, आणि आडोशाला मंडपाचंच कापड लावलं, पिवळं, झालरीचं. लांबून छान दिसत होतं. कोणीतरी आमचा फोटोही काढला.

बायका तिकडे फिरकल्या नाहीत. पहिल्या रात्री एक जण कंदील घेऊन गेली आणि त्या पातळ कापडावर तिची अख्खी सावली पडली. समोर रस्ता, रस्त्यावर आमच्यासारखे मदतवाले, आणि ताडपत्रीबाहेर बसलेले सासरे नि दीर. त्यानंतर बायका अंधारात तुरीच्या रानात जायच्या, नाहीतर दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. हे मला दोन दिवसांनी कळलं, तेही एका शाळकरी मुलीकडून. तोवर मी चिडून होतो. एवढं खणून दिलं आणि वापरत नाहीत! मी तावातावाने एकीला विचारलंसुद्धा. तिने पदर ओढून घेतला आणि नवऱ्याकडे बघितलं.

तिसऱ्या रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी चर काठोकाठ भरून वाहिलेला. खाली उताराला विहीर होती, लोकांची पाण्याची. मी अंतर मोजलं होतं, शंभर पावलं चांगली भरली होती, आणि तेवढ्यावर मी खूश होतो. उताराचा विचार केला नव्हता. मुरमावरून एक ओघळ थेट विहिरीच्या बाजूला गेलेला दिसत होता. विहिरीत उतरला की बाजूने गेला, सांगता येत नव्हतं. मी फावडं घेतलं आणि कुणी उठायच्या आत ओघळावर माती ओढली.

पुन्हा वाचा ते. मी विहिरीकडे धावलो नाही. कुणाला उठवून 'आज हे पाणी काढू नका' असं सांगितलं नाही. माती ओढली.

दोन दिवसांनी जुलाब सुरू झाले. आधी एका ताडपत्रीत, संध्याकाळपर्यंत पाच-सहा ठिकाणी. डॉक्टरांची गाडी आली, जलसंजीवनीची पाकिटं वाटली, विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक लेकरू गेलं. दोन वर्षांचं असेल. भूकंपात ते पाळण्यासकट वाचलं होतं, असं लोक सांगत होते.

बाप माझ्याकडे आला. माझ्याकडेच का, तर कपड्यांचा ढीग मी झोपायचो त्या ताडपत्रीजवळ होता. म्हणाला, "एक कोरं फडकं असलं तर द्या." गुंडाळायला. मी ढिगात हात घातला. तुम्हाला सांगतो, ट्रकभर कपडे होते. किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर, सगळीकडून आलेले. पॅंट, फ्रॉक, नायलॉनची पातळं, स्वेटर. एकही कोरं, कोरडं, गुलाल न लागलेलं कापड नव्हतं. मी उपसत राहिलो. तो उभा होता, घाई करत नव्हता. शेवटी मंडपाच्या छताचं पांढरं कापड आठवलं, ते ट्रकच्या केबिनमध्ये होतं. त्यातून दीड वार फाडलं. त्याने दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाला, "लई उपकार झाले."

दुसऱ्या दिवशी ट्रक परत निघाला, मी त्यात बसून आलो.

त्या डॉक्टरांना मी निघताना विचारलं होतं, आडून आडून, की हे पाण्यामुळेच झालं का. ते म्हणाले, कशानेही होईल, ढिगाऱ्याखाली अजून जनावरं आहेत, अन्न उघड्यावर आहे, हातांना साबण नाही. पाणी तपासायला कुणाला वेळ होता? तेव्हा ते लेकरू माझ्या चरामुळे गेलं की नाही, हे मला माहीत नाही. बायको म्हणते, नसेलच. मित्र म्हणतात, तू उगाच अंगावर घेतोस. त्यांना ओघळावर ओढलेल्या मातीचं मी कधी सांगितलेलं नव्हतं.

त्या वीस वर्षांच्या पोराशी मी अजून भांडतो. मी म्हणतो, विहिरीच्या खालच्या अंगाला खणायचं, चराच्या वर पाणी वळवायला नाली काढायची, बायकांची जागा वेगळी आणि त्यांनाच विचारून ठरवायची, आडोसा गोणपाटाचा करायचा. तो म्हणतो, हे तुला आठ वर्षांनी कच्छमध्ये कळलं, आता मला कशाला शिकवतोस? आणि खाली काळ्या मातीत पाणी जिरत नाही, तिथला खड्डाही भरलाच असता. तो म्हणतो, मी निदान पहिल्या दिवशी फावडं हातात घेतलं. तू आज गेलास तर आधी मोजायची टेप काढून बसशील. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या आजोबांचं ऐकायला टेप लागत नव्हती, एवढं मी त्याला ऐकवतो, मग तो गप्प होतो. कधीकधी होत नाही.

कच्छमध्ये मला एका ताईंनी आपत्तीतल्या मदतकामाची मानकं दाखवली, स्फिअर म्हणतात त्यांना, तेव्हा नवी होती. सुरुवातीच्या धांदलीत पन्नास माणसांमागे एक संडास, मग जमेल तितक्या लवकर वीस माणसांमागे एक. माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी. संडास राहत्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत, पाण्यापासून तीस मीटर तरी लांब. पुरुषांच्या तिप्पट बायकांना. वाचताना मला एकेक ओळ गायरानावरची वाटत होती. तेव्हापासून हे आकडे मी तोंडपाठ म्हणतो, सोसायटीच्या सभेत, लग्नात, सगळीकडे. तुम्ही कंटाळता. मीही कंटाळतो.

आणि आकड्यांनी सगळं सुटतं असंही नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे धक्के सुरू झाले. पालघर वेगळा होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती, आमच्या लेखी तो ठाणे जिल्हाच. थंडीत लोक घराबाहेर तंबूत झोपत होते. मी एका पाड्यावर गेलो, नेहमीचं भाषण केलं. तिथे संडास होते, नवे, पक्के, विटांचे. एक बाबा म्हणाले, "आत बसलो नि हादरा आला तर?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. पंचवीस वर्षांत हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. तिथे त्या लोकांना काय हवं होतं? घोंगड्या. म्हणजे कपडेच म्हणा ना. मी त्या आणून दिल्या आणि सोसायटीत कुणाला बोललो नाही.

तर असं आहे. कपडे वाईट आणि संडास चांगला, असं माझं म्हणणं नाही, जरी मी नेहमी तसंच बोलतो. पिशव्यांचा ढीग पाहिला की माझा हात आपोआप त्यात काहीतरी शोधायला लागतो, आणि मला तो ढीग खाली पार्किंगमध्ये नको असतो. याला तुम्ही तत्त्व म्हणा नाहीतर खोड म्हणा.

पुढच्या वेळी द्यायचंच असेल तर लिहून घ्या. झाकणाच्या बादल्या, मग, अंगाचा साबण, बॅटऱ्या, सॅनिटरी पॅड, आणि ज्यांना पॅडची सवय नाही त्यांच्यासाठी सुती कापड. लहान पोरांसाठी पॉट जरूर द्या, त्यांची शी लोक निरुपद्रवी समजून कुठेही टाकतात आणि रोग तिच्यातूनच जास्त पसरतो. चादरी चालतील. पांढऱ्या असतील तर धुऊन, वेगळ्या बांधून द्या, इतर कशात मिसळू नका. टीसीएल तुम्ही आणू नका, ते मी बघतो. चांगल्या मालात तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण पोतं फोडून ठेवलं, ओल लागली की तो उडून जातो, मग नुसती पांढरी माती उरते.