पाचवीचं हजेरीपत्रक

परवा शनिवारी, ८ फेब्रुवारी २०२५ ला आमच्या दहावीचा निरोप समारंभ झाला. शाळा दापोली तालुक्यात, अगदी समुद्राच्या कडेला, पाचवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेची एकेकच तुकडी. मी इथे सतरा वर्षं शिकवतेय त्यामुळे असे कार्यक्रम खूप बघितलेत, मुली आईच्या नाहीतर काकीच्या साडीत, नववीच्या पोरांनी फळा रंगवलेला, शाळेला भेट म्हणून घड्याळ, मग मनोगतं, मग रडारड आणि शेवटी मसालेभात. पण हा वर्ग माझा होता. जून २०१९ ला पाचवीत आले तेव्हा वर्गशिक्षिका मीच आणि दहावीलाही मीच, त्यामुळे आठवडाभर आधीपासूनच मला कसंतरी होत होतं.

त्याच आठवड्यात कपाट आवरताना यांचं पाचवीचं हजेरीपत्रक हाताला लागलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, पण दापोली-मंडणगडची जी दशा झाली ती इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्या ऑफिसवरचे पत्रे उडाले, कपाटात पाणी गेलं. गावात कित्येक आठवडे लाईट नव्हती, म्हणून सगळी रजिस्टरं व्हरांड्यात पसरून, वर दगड ठेवून आम्ही वाळवली आणि त्यात पावसाळा सुरू झालेला. हे रजिस्टर वाचलं पण पानं पापडासारखी झालीत आणि शाई पसरलीय. नावं वाचता येतात, ४३. मार्चच्या पानावर निम्म्यापर्यंत हजेरी आहे आणि पुढे सगळं कोरं, कोरोनामुळे शाळाच बंद झाली. म्हणजे या पोरांना पाचवीची वार्षिक परीक्षा नाही, शेवटचा दिवस नाही, सहावी जवळजवळ अख्खी मोबाईलवर, तीही ज्याच्याकडे मोबाईल त्याची, आणि रेंजसाठी दुपारच्या उन्हात सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, जाऊन बसायचं. प्रत्यक्ष वर्गात नियमित परत बसले ते ऑक्टोबर २०२१ ला, सातवीत.

मी ते रजिस्टर कार्यक्रमात घेऊन गेले, नुसतं दाखवायला. आधी पाहुण्यांचं भाषण झालं, कोकण बोर्ड दहावीच्या निकालात दरवर्षी राज्यात पहिलं असतं, गेल्या वर्षी ९९.०१ टक्के, ती परंपरा तुम्ही राखायची वगैरे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग माझी पाळी आली, मी रजिस्टर वर धरलं आणि मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली, "बाई, हजेरी घ्या ना!"

मग सगळेच मागे लागले. मी म्हटलं ठीक आहे, नंबर घेते. एक, हजर बाई. दोन, हजर बाई. तीन, हजर बाई. आवाज फुटलेले मुलगे, साड्या सावरत उभ्या राहणाऱ्या मुली, सगळे पाचवीतल्यासारखे ओरडत होते आणि हसत होते. चार नंबर म्हटलं आणि कोणीच बोललं नाही.

मी पाच म्हणणार एवढ्यात एकीने हात वर केला. "बाई, ती नालासोपाऱ्याला. वादळात त्यांची सुपारीची बाग सगळी झोपली ना, मग तिच्या बाबांनी तिकडे कंपनीत काम धरलं. तीपण दहावीलाच आहे, इंस्टावर बोलते आमच्याशी." मी मान हलवली आणि पुढे गेले. नऊ नंबर, परत शांत, मग एक मुलगा उभा राहिला, "तो पनवेलला मामाकडे बाई, क्रिकेट भारी खेळतो अजून." मग कोणी न सांगताच ते ठरून गेलं, जो नाही त्याच्यासाठी त्याच्या बाजूला बसणारा उठायचा आणि तो आता कुठे आहे ते सांगायचा. विरार, चाकण, एक महाडला आजीकडे. माझ्या रजिस्टरात या सगळ्यांसमोर लाल शाईने 'दाखला नेला' एवढंच आहे, मला वाटायचं मला माझ्या वर्गाची माहिती आहे, पण पोरांना मावशीच्या गावापर्यंत सगळं माहीत होतं. इतकी वर्षं ही पोरं शाळा सोडून गेलेल्या या बारा जणांची हजेरी आपापसात लावत होती.

सव्वीस नंबरला मात्र कोणी उठलं नाही. ती नेपाळी मुलगी, तिचे वडील आंब्याच्या बागेत राखणीला होते, लॉकडाऊनमध्ये ते सगळे गेले ते गेलेच. माझ्या वर्गात सगळ्यात सुंदर अक्षर तिचं होतं आणि मराठी शुद्धलेखनात तिची चूक काढायला मला शोधावं लागायचं. शेवटी तिच्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ती कुठे आहे ते मला नाय माहीत. माझ्या कंपासपेटीतला कर्कटक तिच्याकडे राहिलाय, सोमवारी देते बोलली होती." आणि रडायलाच लागली. मग मलाही राहवलं नाही.

आणि एकोणीस नंबर. मुद्दाम शेवटी सांगतेय. तो दुसरीकडे कुठे गेला नाही, इथेच आहे, शाळेपासून दहा मिनिटांवर त्याचं घर. नववीत दिवाळीनंतर यायचा बंद झाला आणि काकाच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागला. मी दोनदा घरी गेले होते, आईने चहा दिला आणि मान खाली घालून बसली. तिसऱ्यांदा मी गेले नाही, ते मला जायला हवं होतं. त्याचा नंबर आला तेव्हा वर्गातले चार-पाच मुलगे एकदम बोलले, "बोटीवर बाई!" जसं काही तो बाहेर पाणी प्यायला गेलाय.

आमचा तो ९९ टक्के निकाल आहे ना, तो जे परीक्षेला बसतात त्यांचा आहे. त्यात एकोणीस नंबर कुठेच नाही, नापासातही नाही. मी स्वतः इतकी वर्षं तो आकडा अभिमानाने सांगितलाय आणि मेहनत घेणाऱ्या पोरांचा आणि शिक्षकांचा तो आहेच, पण परवा रजिस्टर हातात घेऊन उभी असताना पहिल्यांदा मला त्या आकड्याच्या बाहेरची पोरं मोजाविशी वाटली.

संध्याकाळी एका मुलाकडून एकोणीस नंबरचा मोबाईल नंबर घेतला आणि फोन लावला. बोट हर्णै बंदरात लागली होती, मागे लिलावाचा गलका ऐकू येत होता. मी त्याला सांगितलं की शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येतं, त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो, तो मी भरून देईन, पुस्तकं शाळेतली देईन, पोरांच्या नोट्स आहेत. तो बराच वेळ हां हां करत होता. मग म्हणाला, "बाई, आता सीझन आहे, काका सोडणार नाय. एक जूनला मासेमारीची बंदी लागली की येतो. दोन महिने बोट वरच आसते."

मग जरा थांबून त्याने विचारलं, "आज हजेरी घेतली काय तुमी? पोरांनी व्हिडिओ टाकलाय. माझा नंबर आला तेव्हा आवाज नीट नाय येत, काय बोलले ते?"

मी सांगितलं.