ठोकळ्यांतून देवनागरी निघाली! (जीपीएम, पुढचा हप्ता)

अखेर जमलं! (नव्या वाचकांसाठी: जीपीएम म्हणजे लिनक्सच्या कन्सोलवर, खिडक्या नसलेल्या नुसत्या अक्षरी पडद्यावर, माऊसने कॉपी-पेस्ट करू देणारा प्रोग्राम. तिथे देवनागरीचे ठोकळे दिसतात, आणि आतापर्यंत कॉपीही ठोकळेच होत होते.) एलएसने (फाइलींची यादी देणारी कमांड) दाखवलेल्या ठोकळ्यांच्या रांगेवर डबल क्लिक, सीपीपुढे (कॉपीची कमांड) मधलं बटण म्हणजे पेस्ट, एंटर, आणि 'पाणीपट्टी_पावत्या' फाइल मुकाट पेनड्राइव्हवर गेली. डेबियन १२, कर्नेल (लिनक्सचा गाभा) ६.१, माऊसचा प्रोटोकॉल ईएक्सपीएस२, बाकी सेटिंग मागच्यासारखंच.

ज्यांनी आधीचं वाचलंय त्यांना रडगाणं माहीत आहे. कन्सोलच्या फाँटमध्ये फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय नाही, त्यामुळे देवनागरी दिसणार नाही हे मान्यच. पण कॉपी तरी व्हावी? पेस्ट केलेलं हेक्सडंपमध्ये (बाइटचे आकडे दाखवणारी कमांड) पाहिलं तर नुसती ईएफ बीएफ बीडी, ईएफ बीएफ बीडी. म्हणजे 'अक्षर सापडलं नाही'चं चिन्ह, ओळीने.

संशय अर्थातच जीपीएमवर. ते बंद करून कन्सोलेशन (तसलाच दुसरा प्रोग्राम) चालवलं, तरी तेच. (टचपॅडवाल्यांनी कन्सोलेशनच घ्यावं, ते टचपॅड ओळखणाऱ्या लिबइनपुट लायब्ररीवर चालतं. मला एमसी (फाइल मॅनेजर) आणि व्हिम (एडिटर) यांच्यात क्लिक हवी असते, म्हणून मी जीपीएम सोडत नाही.) दोघंही निवडीचं काम टीआयओसीलिनक्स या आयऑक्टलमार्फत (प्रोग्रामने कर्नेलला द्यायचा हुकूम) कर्नेलवरच सोपवतात, तेव्हा घोळ खालीच असणार. कर्नेलमधल्या सिलेक्शनचा (निवडीचा) सोर्स कोड उघडला. कर्नेल मुळात पडद्यावरच्या आकृतीवरून उलटं अक्षर शोधतो. ठोकळ्यावरून ठोकळाच मिळणार! पण त्या कन्सोलसाठी युनिकोड बफर (पडद्यावरच्या खऱ्या अक्षरांची नोंद) तयार असेल तर तो तिथून वाचतो. आणि हा बफर कोणी मागितल्याशिवाय बनतच नाही. मागायचा कसा? डेव्ह फोल्डरमधली व्हीसीएसयू१ ही फाइल (१ म्हणजे पहिला कन्सोल) एकदा वाचायची. कर्नेल ४.१९ पासून ही सोय आहे. दर अक्षराला ४ बाइट लागतात, म्हणून हेड कमांडने वाचताना आकडा ४ च्या पटीतच द्या, नाहीतर एरर येते.

वाचली. तरी ठोकळेच! कारण पडद्यावर आधीच असलेला मजकूर बफरमध्ये उलट्या शोधानेच भरला जातो. क्लिअर करून परत एलएस केलं, डबल क्लिक... हेक्सडंपमध्ये ई० ए४, ई० ए४, म्हणजे देवनागरी! एवढ्या सुंदर बाइट मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. शिवाय आस्कीपलीकडचं प्रत्येक चिन्ह कर्नेल शब्दाचाच भाग धरतो, त्यामुळे काना-मात्रांसकट अख्खं नाव एका झटक्यात उचललं जातं.

चाकाचं मात्र विचारू नका. कर्नेल ५.९ मध्ये, २०२० साली, स्क्रोलबॅकच (वर सरकलेला मजकूर परत पाहायची सोय) काढून टाकला, त्यासाठी टीमक्स हा प्रोग्राम वापरा. आणि मधलं बटण म्हणून चाक दाबायला लावणारे स्वस्त वायरलेस माऊस घेऊ नका. दाबताना चाक फिरतं आणि भलतंच काहीतरी होतं. जुन्या बाजारात खरा तीन बटणांचा वायरवाला दिसला तर सोडू नका.

आता हे व्हीसीएसयू वाचणं बूटलाच व्हावं म्हणून सिस्टमडी युनिट (बूटच्या वेळी काम चालवणारी फाइल) लिहायला बसलो होतो, सहाही कन्सोलसाठी. पण टीटीवाय२ (दुसरा कन्सोल) पासून पुढे लॉगिन सहसा तिथे गेल्यावरच सुरू होतं, त्याआधी तो कन्सोल तयार असेलच असं नाही. मग गेटीच्या (लॉगिन विचारणारा प्रोग्राम) युनिटमध्ये घालावं का? की फक्त पहिल्यापुरतं ठेवावं? बहुधा पहिल्यापुरतंच.

कारण लिहिता लिहिता नवंच सापडलं: 'दुसर्‍या_हप्त्याची_पावती' पेस्ट केली तर 'फाइल नाही' म्हणतो. नावात झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) आहे, आणि या कर्नेलमध्ये असली शून्य रुंदीची चिन्हं पडद्यापर्यंत पोचतच नाहीत, मग बफरमध्ये कुठून येणार? 'ऱ' ने लिहिलेलं 'दुसऱ्या' नीट चालतं. तेव्हा युनिट बाजूला. आधी फाइंड कमांडने झेडडब्ल्यूजेवाली नावं शोधून बदलतो.