सूर्य १४ सेंटिमीटरचा धरला तर

ग्रहताऱ्यांचे आकार शेजारी शेजारी मांडायचे तर आधी प्रमाण ठरवावं लागतं. मी १ मिलिमीटर म्हणजे १०,००० किलोमीटर धरलं. हिशेब तोंडीही जमतो.

सूर्याचा व्यास सुमारे १३,९२,७०० किमी, म्हणून पुठ्ठ्याची १३.९ सेंटिमीटरची चकती कापली. गुरू १४ मिमी, म्हणजे खेळातली गोटी. पृथ्वी जेमतेम १.३ मिमी, टाचणीचं डोकंसुद्धा तिच्यापेक्षा जरा मोठंच भरतं. चंद्र म्हणजे बारीक पेनाचा ठिपका, ०.३५ मिमी, आणि तो ठेवायचा पृथ्वीपासून ३८ मिमीवर. मधे तीस पृथ्व्या मावतात. चित्रांत मात्र तो पृथ्वीला खेटून काढलेला असतो!

आता अंतरं. पृथ्वी सूर्यापासून १५ मीटरवर, गुरू ७८, नेपच्यून ४५० मीटरवर. पहिले चार ग्रह टेपनेच मोजावेत. फोनचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं. नेपच्यूनला ते चालतं, पण बुध आणि शुक्र यांच्यात जेमतेम ५ मीटर असल्याने तिथे सगळा घोळ होतो.

चुका बहुतेक आकडे उतरवतानाच होतात. ताऱ्यांच्या तक्त्यात बहुधा त्रिज्या असते, ग्रहांच्या तक्त्यात व्यास. न बघता उतरवलं की तारा निम्मा होतो. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, हे कागदाच्या डोक्यावरच लिहून ठेवावं. शिवाय गुरू पृथ्वीच्या ११ पट रुंद, पण आकारमानाने १,३०० पटींहून मोठा. ‘इतके पट मोठा’ म्हणताना कशात, ते सांगायलाच हवं.

काक्षी हा तांबडा तारा या मापावर शंभरेक मीटरचा होतो. नेमका आकडा देता येत नाही, कारण त्याची कडा विरळ वायूची आहे आणि मोजमापागणिक ती हलते. पण सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षा त्याच्या पोटात जाते, एवढं नक्की.

इथवर माप टिकतं. सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे चकतीपासून ४,००० किलोमीटर. मैदान संपलं!

दीर्घिकांसाठी, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांसाठी, म्हणून नवं माप घेतलं: १ मीटर म्हणजे १ लाख प्रकाशवर्षं. आपली आकाशगंगा साधारण मीटरभर, शेजारची देवयानी दीर्घिका तिच्यापासून २५ मीटरवर. मला सर्वांत जास्त चकित केलं ते यानेच. सूर्य आणि शेजारचा तारा यांच्यात जवळजवळ तीन कोटी सूर्य ओळीने बसतील, पण आपली आकाशगंगा आणि देवयानी यांच्यात फक्त पंचवीसेक आकाशगंगा. म्हणूनच दीर्घिका एकमेकींवर आदळतात, आणि आदळल्या तरी त्यांच्यातले तारे सहसा भिडत नाहीत.

याच मापावर आपल्याला दिसू शकणारं विश्व ९३० किलोमीटर रुंद. सूर्य मात्र हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे सत्तराव्या भागाएवढा, त्यामुळे पुठ्ठ्याची चकती इथे बाजूलाच ठेवावी लागते.