तीन इंचांची काळी वायर

माझा धंदा मोटारींचा. सांगलीत एका रिवाइंडिंगच्या दुकानात मी कामाला आहे. जळालेली मोटार खोलायची, जुनी तार उपसायची, नवीन वेटोळी भरायची, व्हार्निश पाजून भट्टीत ठेवायची. घरगुती वायरिंगचा परवाना माझ्याकडे नाही, तेव्हाही नव्हता. पण ज्याच्या खिशात टेस्टर त्याला गल्ली वायरमन समजते, आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडायचं.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. गावभागात मित्राचं घर. खालच्या मजल्यावर पाणी स्विचबोर्डाच्याही वर होतं. पूर ओसरल्यावर अख्ख्या सांगलीला एकाच वेळी वायरमन हवा होता, मिळणार कुठून? मित्र म्हणाला, "तूच बघ की. तू एवढाल्या मोटारी बांधतोस."

बोर्ड उघडला की आतून गाळ पडायचा. पाइपातून जुनी वायर ओढली तर मागोमाग चिखलाचं पाणी. सगळी वायर बदलली, दुकानातला मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, आणून तपासली, दिवे लागले. दुसऱ्या दिवशी मित्राची आई, काकू म्हणाल्या, "फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात रे."

सॉकेटची तिसरी पिन नावालाच होती. तिची तार परसात जमिनीशी गंजून तुटलेली, अर्थिंगचा खड्डा गाळाखाली. नवीन अर्थिंग म्हणजे खड्डा, पाइप, कोळसा-मीठ, एक दिवस मोडणार. इकडे दुकानाच्या दारात शेतकऱ्यांच्या भिजलेल्या मोटारींचा ढीग. मग कधीतरी कुणीतरी केलेलं पाहिलं होतं ते केलं. सॉकेटच्या आतच न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, आणि अर्थिंगची पिन तीन इंचांच्या काळ्या वायरनं जोडली. मुंग्या थांबल्या. काकूंनी शिरा केला. "पोराच्या हाताला गुण आहे," असंही म्हणाल्या.

संक्रांतीच्या आसपास दुकानात मित्राचा फोन आला. आईला शॉक बसलाय.

स्वयंपाकघरातला दिवा गेला होता, फ्रीजही बंद. लाईट गेली असं समजून काकू दूध बाहेर काढायला गेल्या. हात ओले, पायाखाली नुकतीच पुसलेली शहाबादी फरशी. दाराला हात लागला आणि त्या ओट्यावर आदळल्या. आदळल्या म्हणून हात सुटला. दवाखान्यात ईसीजी काढला, एक रात्र ठेवून घेतलं. कोपर सुजलं होतं, बाकी ठीक. मी भेटायला गेलो तर मलाच विचारलं, "जेवलास का?"

मित्रानं या वेळी परवानावाला वायरमन बोलावला होता. साठीचे गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांनी आधी फ्रीजच्या दाराला टेस्टर लावला. दिवा बंद, फ्रीज बंद आणि टेस्टर लालभडक. मग सॉकेटच्या दोन्ही भोकांत लावून पाहिला. दोन्हीकडे पेटला.

"न्यूट्रल सुटलंय कुठंतरी."

मेन बंद करून बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या पट्टीवरचा स्क्रू ढिला, वायर बाहेर आलेली. तो स्क्रू मीच आवळला होता. नंतर त्यांनी सॉकेट खोललं आणि काळा तुकडा बघत राहिले.

"हे कुणी केलंय?"

"मी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला नुसतं विचारलं, "फेज मोटारीच्या वेटोळ्यातून गेला, पुढं न्यूट्रल तुटलेलं. आता तो जाईल कुठं?" वेटोळं हा माझाच विषय. मोटारीतून न्यूट्रलवर आलेला करंट परतीची वाट नाही म्हणून माझ्या तीन इंचांवरून फ्रीजच्या पत्र्यावर. तिथं जवळजवळ पुरे 230 व्होल्ट, आणि घरात सगळं बंद, म्हणजे कुणालाही हात लावायला हरकत वाटू नये असं. माणसाच्या अंगातून जाणाऱ्या करंटला एमसीबी, बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, काही पडत नाही, तो वायर जळू नये म्हणून असतो. मुंग्या येत होत्या तोवर फ्रीज निदान सांगत तरी होता. मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

त्यांनी परसात अडीच मीटरचा पाइप पुरून अर्थिंग केलं, 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईट तोडणारा स्विच, बसवली, तिचं टेस्टचं बटण काकूंना दाबायला लावलं. खोदाई मी केली. मित्र माझ्याशी त्या दिवशी कामापुरतंच बोलला.

फावडं धुताना आठवलं. पुरानंतरच्या त्या पंधरवड्यात मी अजून दोन घरांत हेच केलं होतं.

एका घरी लगेच गेलो, जेवणावरून उठवून मेन बंद करायला लावला आणि तुकडा काढला. दुसऱ्या घराला कुलूप. ते पुण्याला मुलाकडे गेलेले. फोन केला, जे होतं ते सांगितलं. पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही, मग मावशींचा आवाज आला, "अरे, फ्रीजरमध्ये मटार सोलून ठेवलेत दोन किलो."

मेन स्विच मीटरजवळ, बाहेरच्या जिन्याखाली होता. मोबाईलच्या उजेडात तो खाली ओढला आणि वर चिकटपट्टी लावून पेननं माझा नंबर लिहिला. मटार मी भरून देतो म्हणालो.