रेझिन म्हणजे बेदाणा की राळ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे बेदाण्याला रेझिन म्हणतात आणि तिथल्याच अंबड एमआयडीसीत एपॉक्सीच्या (म्हणजे कारखान्यात बनवलेल्या राळेच्या) डब्यालाही रेझिनच म्हणतात. मग शब्द एकच का? नाही. देवनागरीने त्यांना जुळे करून टाकलंय. इंग्रजीत दोघांचं लांबचंही नातं नाही.

बेदाण्याचं स्पेलिंग ‘आर-ए-आय’ने सुरू होतं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ द्राक्षांचा घड. फ्रेंचमध्ये आजही त्याचा अर्थ द्राक्षच, त्यामुळे फ्रेंच वाइनच्या लेबलवर हा शब्द दिसला तर बेदाणे समजू नका. इंग्रजीत हा मोजता येतो: एक रेझिन, दहा रेझिन्स. मनुकाही त्यातच आली. बेदाणा आणि मनुका वेगळं करण्याची आपली शिस्त या शब्दाला नाही.

‘आर-ई’वाला शब्द म्हणजे राळ. झाडाची असो की कारखान्यातली, ती किलोवर मोजायची; अनेकवचन फक्त प्रकार सांगताना. तिला डिंक म्हटलं की गल्लत होते. लाडवातला डिंक पाण्यात फुगतो किंवा विरघळतो. राळ पाण्याला दाद देत नाही, तिला स्पिरिट किंवा टर्पेंटाइन लागतं. हिंगात मात्र दोन्ही असतात, म्हणून तो पाण्यात टाकला की पाणी दुधाळ होतं.

द्राक्षं वाळवण्याआधी द्रावणात बुडवतात (लिटरला साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑइल), पण तो राळेचा लेप नव्हे. उलट त्याने सालीवरचा मेणाचा थर सैल होतो, आतलं पाणी लवकर निघतं आणि शेडमध्ये 12 ते 15 दिवसांत माल वाळतो.

खरी पंचाईत कागदपत्रांत. दोन्ही शब्द बरोबर असल्याने स्पेलचेक लाल रेघ ओढत नाही. सीमाशुल्काच्या यादीत मात्र बेदाणा 8व्या प्रकरणात, नैसर्गिक राळ 13व्यात आणि एपॉक्सी 39व्यात. इन्व्हॉइसवर एक ‘ए-आय’ चुकला, की मालाचं वर्णन एकीकडे आणि कोड दुसरीकडे. खोके छापायला देण्याआधी फाइलमध्ये ‘आर-ई’वालं स्पेलिंग शोधून बघा. आणि फोनवर ऑर्डर देताना सरळ ‘बेदाणा’ म्हणा.