सांधा जुळेपर्यंत

आमच्या क्लबाच्या मॉडेल रेल्वेवर इंजिन पहिल्यांदा घसरलं ते सांध्यावर. रुळांचा नव्हे, लाकडाचा सांधा. तिसरा आणि चौथा बोर्ड जिथे जुळतात तिथे. आणि तो सांधा मी बसवला होता.

इंग्लंडमध्ये मॉडेल रेल्वेचे क्लब गावोगाव आहेत. लंडनचा ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ तर १९१० पासून चालू आहे. मी ज्या क्लबात जातो तो अगदी लहान. दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही दहा-बाराजण एका हॉलमध्ये जमतो आणि रात्री दहापर्यंत काम करतो. कोणी सुतारकाम बघतं, कोणी तारा जोडतं, कोणी झाडं करतं. गेली तीन वर्षं आम्ही एक नवा लेआउट, म्हणजे रूळ आणि देखाव्यासह पूर्ण मांडणी, उभारतो आहोत. एका शाखामार्गाचं शेवटचं स्टेशन, काळ १९५८ चा उन्हाळा. स्टेशन काल्पनिक आहे, पण काळाबाबत तडजोड नाही. ब्रिटिश रेल्वेची वाफेची नेहमीची सेवा १९६८ च्या ऑगस्टमध्ये संपली आणि रेल्वेचा तोटा कमी करण्यासाठीच्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर असे शेकडो शाखामार्ग बंद झाले. म्हणून आम्हाला त्याआधीचा, गाड्या अजून भरून धावत होत्या तो काळ हवा होता. डब्यांना कुठला रंग द्यायचा, यावर दोन मंगळवार चर्चा झाली. मला ती चर्चा अजिबात वायफळ वाटली नाही. त्या काळी लहान असलेले दोन सभासद आमच्यात आहेत आणि त्यांनी ते डबे डोळ्यांनी पाहिलेले आहेत.

प्रदर्शनाला न्यायचा लेआउट एकसंध बांधता येत नाही. आमचे बारा बोर्ड आहेत, प्रत्येक चार फूट लांब, दोन फूट रुंद. वर प्लायवूड, खाली चौकट. हॉलमध्ये मांडायचे, गाडी चालवायची, पुन्हा सुटे करून रचून ठेवायचे. एका टोकाला स्टेशन असतं. दुसऱ्या टोकाला, देखाव्याच्या पडद्यामागे, फिडल यार्ड असतं. नाटकातल्या विंगेसारखं. प्रेक्षकांना वाटतं गाडी दूरच्या गावाहून आली. खरं तर ती तिथे उभी होती आणि आमच्यातल्या एकाने हाताने तिचे डबे बदलून तिला पुन्हा पाठवलं.

बोर्ड जोडताना पितळी खुंट्या वापरतात. एका बोर्डाच्या चौकटीत खुंटी, समोरच्यात तिचं घर, आणि दोन्ही बोल्टने आवळायचे. खुंटी बसली की बोर्ड दर वेळी त्याच जागी येतो. पण चौकट मुळातच गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसेल तर खुंटी काय करणार? माझं तेच झालं. मी एका बाजूला रंधा थोडा जास्त मारला होता आणि रूळ अर्ध्या मिलिमीटरने सरकले. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण आमचं प्रमाण १:७६ चं आहे, म्हणजे खऱ्या रुळावर तेवढं अंतर ३८ मिलिमीटर झालं असतं. इंजिनाचं पुढचं चाक तिथेच चढलं.

या प्रमाणाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे दोन सभासद चहा पिता पिता यावर तासभर बोलू शकतात. युरोपात १:८७ चं प्रमाण रूढ होतं. त्याच प्रमाणात ब्रिटिश इंजिनं करायची तर त्यांची बॉडी फार लहान होई, कारण इथले जुने पूल आणि बोगदे अरुंद, म्हणून मूळ इंजिनंच आकाराने लहान. त्या काळातली मोटर आत मावेना. मग इंजिनं आणि डबे १:७६ ला मोठे केले आणि दोन रुळांमधलं अंतर मात्र तेच ठेवलं, १६.५ मिलिमीटर. हिशोब केला तर खऱ्या मापात ते अंतर सुमारे सात इंच कमी पडतं. काहीजण म्हणून १८.२ किंवा अगदी अचूक १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालतात. आम्ही मात्र १६.५ वरच राहिलो, कारण प्रत्येकाच्या घरची इंजिनं त्यावर धावतात. क्लबाच्या रेल्वेवर आपलं इंजिन आणून चालवता येणं मला अचूकतेपेक्षा मोलाचं वाटतं.

बोर्डाखाली माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची तार सोल्डर करायची आणि ती खालच्या मुख्य तारांना जोडायची. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या फिशप्लेटवर विसंबलं तर कालांतराने गंज चढतो आणि इंजिन मधेच थांबतं. यंत्रणा डिजिटल आहे. रुळातून वीज आणि हुकूम एकत्र जातात, आणि प्रत्येक इंजिन आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा ऐकतं. कारखान्यातून येणाऱ्या इंजिनाचा क्रमांक बहुधा ३ असतो. एकदा दोन नवी इंजिनं क्रमांक न बदलता रुळावर ठेवली गेली आणि एकाला चालवलं तेव्हा दोन्ही चालू लागली.

खडी पसरण्याचं काम मला सगळ्यात आवडतं. कोरडी खडी ब्रशने स्लीपरांमध्ये बसवायची, पाण्याचा बारीक फवारा मारायचा, मग फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद निम्म्या पाण्यात कालवून, भांड्याच्या साबणाचा थेंब घालून, ड्रॉपरने सोडायचा. साबणामुळे गोंद वरच न थांबता खडीत मुरतो. जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथल्या हलणाऱ्या पट्ट्यांजवळ मात्र थेंबही जाऊ द्यायचा नाही. तिथे गोंद वाळला की गाडीला मार्ग बदलता येत नाही.

त्या चुकलेल्या सांध्यावर क्लबातल्या एका ज्येष्ठ सभासदाने मला वाट दाखवली. ते आयुष्यभर सुतारकाम केलेले. त्यांनी चौकटीला पातळ पट्टी चिकटवायला लावली, खुंट्यांची भोकं नव्याने पाडून घेतली. मग दोन्ही कडांना तांब्याचा थर असलेल्या पट्ट्या पक्क्या बसवल्या. रूळ सांध्यावरून एकसंध नेला, दोन्ही बाजूंना सोल्डर केला आणि सगळ्यात शेवटी बारीक करवतीने तो बरोबर मधोमध कापला. आधी कापून नंतर जुळवायला गेलं की कधीच जुळत नाही, आधी जोडून मग कापलं की जुळलेलाच राहतो. करवत चालवताना माझा हात त्यांनी धरून ठेवला होता.

मागच्या मंगळवारी बोर्ड सुटे करून पुन्हा मांडले आणि छोटं टाकी-इंजिन (पाण्याची टाकी अंगावरच असलेलं) दोन डबे घेऊन सोडलं. चौथ्या बोर्डावरून तिसऱ्यावर जाताना एक बारीक ‘टक’ ऐकू आली, मग दुसरी, मग डब्यांची. इंजिन पुढे स्टेशनात जाऊन उभं राहिलं. आम्ही ते मागे घेतलं आणि पुन्हा सोडलं, सहा वेळा. आता सातव्या बोर्डापुढे अजून नुसतं प्लायवूड आहे. तिथला पूल पुढच्या मंगळवारपासून माझ्याकडे आहे.