ऑइल नेमकं येतंय कुठून?

नव्या मोटरसायकलच्या इंजिनाखाली ओलं दिसलं की घरातला प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. "पाणी असेल, धुतली होतीस ना?" "नवीन आहे, होईल सेट." "चेनचं ग्रीस असणार, दुसरं काय!" मी हिशेब तपासणारी बाई आहे. दुसऱ्यांच्या वह्यांतला न जुळणारा आकडा शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे 'असेल' आणि 'असणार'वर माझं समाधान होत नाही. पांढरं फडकं घेतलं आणि गाडीखाली वाकले.

चेनची शंका तशी रास्त होती. बहुतेक मोटरसायकलींची चेन डावीकडे असते. तिला मारलेलं ल्यूब पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) कव्हरमध्ये साचतं आणि खालून टिपकतं. नवी गाडी आणखीही काही ठिकाणी फसवते. सायलेन्सरवर राहिलेलं फॅक्टरीतलं तेल किंवा गंजरोधक लेप सुरुवातीला धूर काढतो. एअर फिल्टरच्या डब्याखालच्या नळीत ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून, आलेला तेलकट मळ जमतो. यातलं काहीच दोष नव्हे. पण चेनचं ल्यूब काळं आणि चिकट होतं, आणि माझ्या फडक्यावर आलं ते पातळ, सोनेरी. इंजिनावरच्या ऑइलची पातळी बघायच्या काचेत दिसत होतं तेच. जागा डावीकडची, मॅग्नेट कव्हरच्या (वीज बनवणाऱ्या भागावरच्या झाकणाच्या) खाली, इंजिनाच्या पोटाला.

शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये अ‍ॅडव्हायझरने गाडीकडे न बघताच सांगितलं, "मॅडम, नवीन गाडीला होतं असं. पहिल्या सर्व्हिसला बघून घेऊ." मी म्हटलं, बघा तेव्हा, पण तक्रार आज लिहून घ्या. त्याने जॉब कार्ड छापून दिलं. त्यावर होतं, 'जनरल चेकअप अँड वॉशिंग'.

या कागदावर सही केली असती तर माझी तक्रार जन्मालाच आली नसती. उद्या वॉरंटीचा वाद झालाच, तर कंपनीपुढे जातात ती जॉब कार्डं. काउंटरवर कोण किती तळमळीने बोललं याची कुठेही नोंद नसते. मी कार्ड परत दिलं आणि माझ्या शब्दांत लिहून घ्यायला लावलं: 'इंजिन गरम झाल्यावर डाव्या बाजूने खाली ऑइल येते. थंड असताना येत नाही.' शेजारी मीटरचं रीडिंग. 'गॅस्केट खराब आहे' (गॅस्केट म्हणजे जोडातलं गळती रोखणारं पातळ अस्तर) असलं निदान मी मुद्दाम लिहू दिलं नाही. आपण निदान लिहिलं की ते गॅस्केट बदलतात आणि तक्रार बंद करतात. आपण फक्त दिसतं ते सांगावं. ते दिसायचं थांबत नाही तोवर तक्रार उघडी राहते.

गाडी धुऊन, पुसून, चकचकीत करून मिळाली. साहजिकच ऑइलचा मागमूस नव्हता! थोड्या दिवसांत पुन्हा ओलं.

मग उपायांची रांग लागली. आधी कव्हरचे बोल्ट आवळले. हे मला अजिबात आवडलं नाही, कारण आवळणाऱ्या मुलाच्या हातात टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, नव्हता. कव्हरच्या त्या बारीक बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं, आणि ते बसतात अ‍ॅल्युमिनियममध्ये. जास्त जोर लावला की आटे जातात आणि एका दुखण्याची दोन होतात. आवळून झाल्यावर गॅस्केट बदललं. त्यानंतर स्प्रॉकेटच्या शाफ्टचं ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवतीचं ऑइल अडवणारं कडं. प्रत्येक वेळी बदललेला भाग मी जॉब कार्डवर लिहून घेतला, प्रत्येक वेळी गाडी कोरडी मिळाली आणि प्रत्येक वेळी लांबची फेरी झाली की तोच सोनेरी ओघळ.

तिथली माणसं कामचुकार होती असं मला वाटत नाही. गाडी धुऊन स्टँडवर लावायची, चालू करून थोडा वेळ बघायची, टिपकत नाही म्हणजे झालं, अशी त्यांची तपासणी. या दोषापुढे तिचं काही चालणार नव्हतं. ऑइल ४० अंशांना असतं त्याच्या सहा-सात पट पातळ १०० अंशांना होतं. थंड इंजिनात ज्या फटीत ते अडकून बसतं, त्याच फटीतून गरम झाल्यावर आरामात बाहेर पडतं. त्यात गाडी चालत असताना वारा ते मागे पसरवतो आणि साइड स्टँडला लावली की ते डावीकडे उतरतं. ओल दिसते ती जागा आणि उगमाची जागा यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही.

दरम्यान गाडी चालवायची की नाही, हा प्रश्न होताच. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलवर चालतात, त्यामुळे पातळी उतरली तर तिघांचंही नुकसान. मी गाडी सरळ उभी करून काचेतली पातळी बघायचे आणि फोटो काढून ठेवायचे. मागच्या टायरवरून हात फिरवायचे. टायरला ऑइल लागलं असतं तर गाडी त्या क्षणी बंद करून टेम्पोतून पाठवली असती, त्यात चर्चेला जागा नाही. तिथवर वेळ आली नाही.

चक्र थांबलं ते तिथल्या फोरमनमुळे. वयस्क गृहस्थ, सगळे त्यांना काकाच म्हणतात. माझ्या जॉब कार्डांची चळत त्यांनी एकदा शांतपणे वाचली आणि विचारलं, "ताई, गरम असतानाच येतंय ना? मग थंड गाडीवर ही पोरं काय शोधतायत?"

त्यांनी सगळ्यात आधी ब्रीदरची नळी काढून फुंकून बघितली. पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली, म्हणजे त्याच्या खालच्या धातूच्या पेटीतली, हवा दाबली जाते आणि ती ब्रीदरमधून सुटते. ब्रीदर तुंबला तर तो दाब ऑइलला मिळेल त्या वाटेने बाहेर ढकलतो, आणि मग कितीही सील बदला, उपयोग शून्य. नळी मोकळी होती. मग त्यांनी इंजिनाची डावी बाजू डीग्रीझरने धुतली, हवेने कोरडी केली आणि तिच्यावर चक्क टाल्कम पावडर मारली. पांढऱ्याफटक इंजिनाची गाडी घेऊन ते मला मागे बसवून चांगली लांब फिरवून आले. परतल्यावर टॉर्च लावली. कव्हरच्या जोडाची पूर्ण कड पांढरी, सीलभोवती पांढरं. आणि कव्हरच्या खाली दोनेक बोटांवर, जिथे जोड नाही, बोल्ट नाही, सील नाही, अशा सपाट धातूवर एक काळपट ठिपका. आमच्या डोळ्यांदेखत तो मोठा होत होता.

"कास्टिंग," काका म्हणाले. "पिनहोल आहे." म्हणजे ओतीव धातूतच सुईच्या टोकाएवढं छिद्र.

क्रँककेस हा इंजिनाचा सांगाडा. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम प्रचंड दाबाने आणि वेगाने पोलादी साच्यात घुसवून तो ओततात. या वेगातच घोळ होतो. साच्यातली हवा सगळी बाहेर पडली नाही तर तिचे बुडबुडे धातूत अडकतात. शिवाय अ‍ॅल्युमिनियम घट्ट होताना आकसतं, आकारमानाने सुमारे ६ टक्के. पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग मागाहून, आणि त्या मागाहून गोठणाऱ्या भागाला आकसण्याची भरपाई करायला जवळ द्रव धातू उरलेला नसतो. तिथे आत बारीक पोकळ्या राहतात. साच्याला लागून असलेला वरचा थर झटकन थंड होतो म्हणून घट्ट आणि दाट असतो, आतला गाभा मात्र पावासारखा जाळीदार राहू शकतो. पुढे मशिनिंगमध्ये तो दाट थर कुठे छिलला गेला, कुठे भोक पाडलं गेलं, की पोकळ्या उघड्या पडतात. अशा चार-दोन पोकळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या की आतून बाहेरपर्यंत वाट तयार.

कारखान्यांना हे सगळं माहीत असतं. म्हणून कास्टिंगमध्ये हवा भरून दाब उतरतो का हे तपासतात. काही ठिकाणी निर्वात टाकीत ठेवून त्या छिद्रांत राळ शोषवतात आणि गरम पाण्यात ती पक्की करतात. माझ्या गाडीचा भाग त्या तपासणीतून कसा निसटला ते मला कोणी सांगितलं नाही. काकांचा अंदाज असा की सुरुवातीला वाट कशाने तरी बुजलेली असणार आणि इंजिन तापून-निवून ती मोकळी झाली. मला तो पटतो.

आता दोष सापडला होता, त्यामुळे मला वाटलं संपलं. अ‍ॅडव्हायझर मात्र उत्साहात आला: "एवढंच ना मॅडम? वरून इपॉक्सी लावून देतो, दहा मिनिटांचं काम. वर रंग मारला की कळणारही नाही."

कळणार नाही, हीच तर माझी अडचण होती! इपॉक्सीला मी सरसकट नावं ठेवणार नाही. दहा वर्षं चाललेल्या गाडीला असं छिद्र पडलं असतं तर मीच म्हटलं असतं, लावा. नीट घासून, स्वच्छ करून लावलेलं चांगलं इपॉक्सी कित्येक वर्षं टिकतं. पण इथे ऑइल आतून ढकललं जाणार, धातू आणि इपॉक्सी तापून वेगवेगळे फुगणार, आणि लेप सुटायचा तो वॉरंटी संपल्यानंतर सुटला तर? छिद्र झाकलं की पुरावाही झाकला. मी जॉब कार्डवर लिहिलं, 'बाहेरून सिलंट किंवा इपॉक्सी लावू नये', आणि खाली सही केली.

मग कंपनीची मंजुरी. पावडरीवर पसरणाऱ्या ठिपक्याचा व्हिडिओ काकांनी त्याच दिवशी काढायला लावला होता. त्याच चित्रीकरणात न थांबता मीटर, चासी नंबर आणि इंजिन नंबर. तुकडे जोडलेला व्हिडिओ असता तर कोणाच्या गाडीचा, कधीचा, हे वाद निघाले असते. सोबत सगळी जॉब कार्डं तारखेनुसार आणि एक पानी पत्र. पत्रात मी रागाचा एक शब्द घातला नाही. लिहायला खूप होते.

ओळखीतल्या बहुतेकांचा सल्ला होता की भांडून नवी गाडीच घे. पण बहुतेक वॉरंटींत लिहिलेलं असतं की सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं एवढीच कंपनीची जबाबदारी, आणि दोन्हींतलं काय करायचं हेही कंपनीच ठरवणार. माझ्या पुस्तिकेतही तेच होतं. ते कलम वाचल्यावर मी नवी गाडी मागितलीच नाही. मागितलं ते फॅक्टरीत जुळवलेलं पूर्ण इंजिन. कारण क्रँककेस बदलायचा म्हणजे इंजिनातला प्रत्येक भाग बाहेर काढायचा: सिलिंडर, क्रँकशाफ्ट, गिअरबॉक्स, सगळं. त्याच्या दोन बाजूही सहसा एकत्र मशिनिंग करून जोडीनेच येतात, एकच बाजू बदलून चालत नाही.

पूर्ण इंजिन कंपनीने नाकारलं. क्रँककेसची जोडी मंजूर केली. मी तीन गोष्टी लेखी मागितल्या: जुळवणी काका स्वतः करतील, गॅस्केटं-सील-बेअरिंग सगळी नवी पडतील आणि लवकरच एकदा ऑइल फुकट बदलून मिळेल. बेअरिंगवरून बरीच ओढाताण झाली, पण मिळाली. माझ्या गाडीचं इंजिन ट्रेमध्ये सुटं पडलेलं मी बघून आले. नसते गेले तर बरं झालं असतं, इतके भाग आहेत.

यात एक गोष्ट मला कोणीच आधी सांगितली नव्हती. इंजिन नंबर क्रँककेसवरच कोरलेला असतो. क्रँककेस बदलला की गाडीच्या नोंदणीच्या कागदांवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर वेगळे! "कोण बघतंय मॅडम" हे उत्तर मी हिशेब तपासताना रोज ऐकते. चोरी झाली, अपघात झाला, गाडी विकायला काढली, की पहिल्यांदा तोच नंबर बघतात. म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी मी कंपनीचं पत्र मागितलं. त्यात जुना नंबर, नवा नंबर, बदलाची तारीख, कारण आणि जुना भाग कंपनीने परत घेतल्याची नोंद, असं सगळं हवं होतं. नोंदणी आणि विमा, दोन्हीकडे तेच पत्र लागलं.

पत्र आलं. नंबर बरोबर होते, तारीख बरोबर होती. कारणाच्या रकान्यात होतं, 'ग्राहकाच्या विनंतीवरून'. मी गाडीची किल्ली काउंटरवर परत ठेवली. 'कास्टिंगमधील उत्पादन दोषामुळे, वॉरंटीअंतर्गत' असं दुरुस्त पत्र शिक्क्यासह संध्याकाळी हातात पडलं, तेव्हा किल्ली उचलली.